निम्म्या शक्यतेच्या घरात

हंटिंग्टनचा आजार बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान उघडा पडतो. या आजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर हे वय लक्षात ठेवावं. तोवर लग्न झालेलं असतं, पदरात एक-दोन मुलं असतात, घराचे हप्ते चालू असतात. रोगाचं मूळ जन्मापासून शरीरात होतं, पण त्याची चाहूल लागते ती पुढची पिढी शाळेत जाऊ लागल्यावर. म्हणून डॉक्टर नवऱ्याचं निदान सांगत असतात तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोच्या डोळ्यांपुढे आधी मुलं येतात.

सुरुवात हातापायांच्या हालचालींपासून होते अशी समजूत आहे. घरच्यांना विचारलं तर ते आधी स्वभावाचं सांगतात. हिशेबाला चोख असलेला माणूस बिलं भरायला विसरू लागतो. कधी आवाज न चढवणारा माणूस ताट भिरकावतो. कामावर चुका होतात, मेमो येतात, बढती राहते. शेजारपाजारचे दारूचा संशय घेतात. सासूला वाटतं, सून आल्यापासून पोराचं बिनसलं. कुणी अंगारा आणतं, कुणी पत्रिका दाखवतं. मग कधीतरी बोटं आपोआप हलू लागतात, खांदा उडतो, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं. न्यूरॉलॉजिस्टकडे पोचेपर्यंत काही वर्षं सहज निघून गेलेली असतात. आणि तिथून पुढे हा आजार साधारण पंधरा-वीस वर्षं चालतो. सांभाळणाऱ्या बाईचं पस्तिशी ते पन्नाशीचं सगळं आयुष्य त्यात जातं.

रोगाचं कारण आता नेमकं ठाऊक आहे. चौथ्या गुणसूत्रावर हंटिंग्टिन नावाचं प्रथिन बनवणारं जनुक असतं. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं पाठोपाठ पुन्हा पुन्हा येतात. निरोगी माणसात ही पुनरावृत्ती 26 पर्यंत असते. 40 किंवा त्याहून अधिक असली, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. 36 ते 39 असेल तर होईल किंवा होणारही नाही. आईकडून किंवा वडिलांकडून एक बिघडलेली प्रत मिळाली तरी पुरते, म्हणून प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. या निम्म्या शक्यतेबद्दलचे दोन गैरसमज घरांना फार छळतात. पहिला असा की दोन मुलांपैकी एकाला झाला म्हणजे दुसरं सुटलं. तसं नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडवलं जातं. चारही मुलं सुटू शकतात, चौघांनाही आजार होऊ शकतो. दुसरा गैरसमज असा की तो एक पिढी सोडून येतो. पिढी सुटल्यासारखी दिसते तेव्हा बहुधा मधला माणूस लक्षणं दिसण्याआधीच दुसऱ्या कशाने तरी गेलेला असतो, नाहीतर त्याचं ‘डोकं फिरलं होतं’ एवढंच घरात सांगितलेलं असतं. ज्याला बिघडलेली प्रत मिळालीच नाही, तो ती पुढे देऊ शकत नाही. आणखी एक बाब: वडिलांकडून येताना ही पुनरावृत्ती वाढण्याचा संभव जास्त असतो, आणि ती जितकी मोठी तितका आजार लवकर. क्वचित एखाद्या घरात बाप आणि शाळकरी मुलगा एकाच वेळी आजारी असतात.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो तो जॉर्ज हंटिंग्टन अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरच्या ईस्ट हॅम्प्टन गावचा. 1872 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने कोरिया म्हणजे अनावर हालचालींच्या विकारावर एक छोटा निबंध छापला. त्याचे आजोबा आणि वडील त्याच गावात डॉक्टरकी करत. त्यांनी पाहिलेली घरं आणि त्या घरांच्या नोंदी त्याच्या हाताशी होत्या, म्हणूनच इतक्या कोवळ्या वयाच्या डॉक्टरला अनेक पिढ्यांमधून वाहणारा आजार सलग दिसला. लहानपणी वडिलांबरोबर गाडीतून जाताना रस्त्यात दिसलेल्या मायलेकी, उंच, वाळलेल्या, अंग पिळवटत आणि तोंड वेडंवाकडं करत चाललेल्या, त्याला म्हातारपणीही आठवत होत्या. निबंधात त्याने तीन खुणा नोंदवल्या: आजार घराण्यात चालतो, मन बिघडण्याकडे आणि आत्महत्येकडे कल असतो, आणि तो प्रौढ वयातच जोर धरतो. पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते त्याचं जाता जाता केलेलं निरीक्षण. ज्या घरांत हा आजार होता, ती घरं त्याचा उच्चार करायला धजत नसत. अगदीच नाइलाज झाला, तर नाव न घेता त्याचा उल्लेख करत.

दीडशेहून अधिक वर्षं लोटली. जनुक सापडलं, चाचणी निघाली, हालचाली कमी करणारी औषधं आली. ही एक गोष्ट मात्र तशीच राहिली. आपल्याकडेही ‘ह्यांना नसांचा त्रास आहे’, ‘अण्णांना टेन्शनचा झटका आला होता’, ‘मोठ्या काकांना बाहेरचं काही तरी होतं’ अशी वाक्यं वर्षानुवर्षं पुरवून वापरली जातात. या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मला जे म्हणायचं आहे ते इथेच सांगते. ही घरं आजार सांभाळून जेवढी थकतात, तेवढीच तो लपवून थकतात. लपवण्याचे हे कष्ट कुणी मोजत नाही, आणि ते पडतात बहुतकरून जी शुश्रूषा करते तिच्याच वाट्याला.

शुश्रूषा म्हणजे रोजच्या दिवसात काय असतं, हे एका जेवणावरून सांगते. नवरा पन्नाशीचा, आजार बराच पुढे गेलेला. बायको त्याला भिंतीच्या कोपऱ्यात पाट मांडून बसवते, म्हणजे अंग उडालं तरी दोन बाजूंना आधार राहतो. ताटाखाली ओला पंचा घातलेला, नाहीतर हाताच्या झटक्याने ते सरकतं. ताट उंच काठाचं. स्टीलचं भांडं कधीच बंद झालंय, दातांवर आपटतं. त्याऐवजी झाकणाचा प्लॅस्टिकचा कप. टीव्ही बंद, कारण खाताना लक्ष विचलित झालं की घास घशात अडकतो. मऊ भातात तूप आणि शेंगदाण्याचं कूट कालवलेलं. ताक पातळ असतं म्हणून त्याने ठसका लागतो, तेव्हा त्याच्या जागी दाट शिजवलेली नाचणीची पेज. ती घास उचलते आणि थांबते. मान स्थिर होण्याची वाट बघते. हनुवटी खाली आहे ना पाहते, मग घास देते. गिळला? पुन्हा एकदा गीळ म्हणते. मग पुढचा. मध्येच ठसका लागतो, त्याचे डोळे पाण्याने भरतात, ती पाठ धरून बसते आणि श्वास नीट झाल्यावर पुन्हा सुरू करते. या आजारात वजन झपाट्याने उतरतं. काही रुग्णांना दिवसाला चार-पाच हजार कॅलरी लागतात. म्हणून हे जेवण संपलं की दोन तासांनी केळं कुस्करून, त्यानंतर तुपातला शिरा. तिचं स्वतःचं ताट झाकून ठेवलेलं असतं.

घशात घास अडकणं ही साधी बाब नाही. अन्नाचा कण श्वासमार्गात गेल्याने होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचं एक प्रमुख कारण आहे. डॉक्टरांनी तिला ते सांगितलेलं असतं. म्हणजे दिवसातून पाच वेळा ती हे ठाऊक असूनच घास भरवते.

याच्या जोडीला एक गोष्ट असते, जी बाहेरच्यांना सहसा कळत नाही. अनेक रुग्णांना आपल्यात काही बदललं आहे हे जाणवतच नाही. त्याला हट्ट म्हणता येणार नाही, तो मेंदूतल्या बिघाडाचाच भाग आहे. त्याला वाटतं आपण स्कूटर चालवू शकतो, बँकेचे व्यवहार बघू शकतो. किल्ली लपवणारी, चेकबुक कपाटात ठेवणारी बायको त्याच्या लेखी वैरीण ठरते. एकच मागणी तासाभरात वीस वेळा येते. कधी उलट होतं: तो दिवसभर एका जागी बसून राहतो, आपणहून काहीच सुरू करत नाही. पाहुणे ‘जरा हातपाय हलवायला सांग’ असा सल्ला देऊन जातात. मेंदूतला पुढाकार घेणारा भागच मंदावलाय, हे चहाच्या वेळात त्यांना कसं समजवायचं? आणि इतकं सगळं असूनही बहुतेक रुग्ण शेवटच्या टप्प्यापर्यंत आपली माणसं ओळखतात, बोललेलं त्यांना कळतं. चेहरा उत्तर देत नाही, शब्द फुटत नाहीत, पण आत माणूस आहे. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल तो नसल्यासारखं बोलू नये, एवढी एक गोष्ट जरी पाहुण्यांनी पाळली तरी घराला बरं वाटेल.

हा आजार नात्यांची वाटणी विचित्र करतो. घरातली माणसं दोन गटांत पडतात: ज्यांना तो होऊ शकतो आणि ज्यांना होऊ शकत नाही. दुसऱ्या गटात पुष्कळदा एकटी सून असते, बाहेरून आलेली. तिला घरात आणताना कुणी काही सांगितलेलं नसतं, आणि एकटी तीच धोक्याबाहेर असते, म्हणून सगळं तिच्यावर येतं. आधी सासऱ्यांचं करते, मग नवऱ्याचं, कुठे अविवाहित दिराचं, आणि नशिबी असलं तर पुढे मुलाचं. ‘तुला काय, तुला थोडंच होणारे’ हे वाक्य तिला ऐकावं लागतं. बोलणारा त्या वेळी स्वतःच भेदरलेला असतो, हेही खरं. कारण पहिल्या गटातल्यांचं भय वेगळं. वडिलांना आंघोळ घालणारा कॉलेजातला मुलगा आपल्या हाताखाली आपलाच पुढचा काळ बघत असतो. त्याच्या हातून कप निसटला, परीक्षेत एखादं उत्तर आठवलं नाही, जिन्यात पाय अडखळला, की तो थबकतो. त्याच्या वयाच्या दुसऱ्या कुणाच्या हातून कप पडला तर नुसता कपच फुटतो. बहिणी-भावांतही हे उतरतं. एक जण आजारी पडला की दुसरा सुटल्याचा आनंद मानू शकत नाही, आणि पुष्कळदा तो घरापासून लांब जातो. लोक त्याला स्वार्थी म्हणतात. मला तसं म्हणवत नाही.

या आजाराभोवतीच्या सगळ्या चळवळीची पायाभरणी दोन माणसांनी केली, आणि दोघांची कहाणी नात्यांचे कागद आणि नात्यांची जबाबदारी यांतलं अंतर दाखवते. वुडी गथ्री हा अमेरिकेचा नावाजलेला लोकगायक. त्याची आई नोरा याच आजाराने गेली होती, मनोरुग्णालयात. वुडीला सुरुवातीला दारुड्या ठरवलं गेलं, मग स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने इस्पितळांत काढली आणि 3 ऑक्टोबर 1967 रोजी तो गेला. त्याच्या मागे धावपळ केली ती मार्जरीने. ती त्याची दुसरी बायको, आणि दोघांचा घटस्फोट झालेला होता. तरीही ती येत राहिली, आणि त्याच वर्षी तिने रुग्णांच्या घरांना एकत्र आणणारी संघटना उभी केली. तिला आधी मूठभर घरंच सापडली, कारण बाकीची लपलेली होती. वुडीच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुली पुढे याच आजाराने गेल्या, दोघीही एक्केचाळिसाव्या वर्षी.

दुसरं घर वेक्सलरांचं. लिओनोर वेक्सलर जीवशास्त्र शिकलेली होती. वडील आणि तिघे भाऊ या आजाराने गेलेले, पण लहानपणी तिला सांगण्यात आलं होतं की तो फक्त पुरुषांना होतो. 1968 मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर एका पोलिसाने सकाळी सकाळी दारू प्यायल्याबद्दल तिला हटकलं. ती प्यायलेली नव्हती. तिचा घटस्फोटित नवरा मिल्टन मनोविश्लेषक होता. निदान कळल्यावर त्याने अ‍ॅलिस आणि नॅन्सी या दोन्ही तरुण मुलींना बसवून सगळं सांगितलं, निम्म्या शक्यतेसह, आणि संशोधनासाठी एक प्रतिष्ठान काढलं. मार्जरी आणि मिल्टन दोघेही कायद्याने मोकळे होते. दोघांनीही ज्याला आपण आपल्याकडे ‘निस्तरणं’ म्हणतो ते केलं, आणि निस्तरता निस्तरता घराबाहेरच्यांसाठी वाट मोकळी केली. मुलींना वेळेवर सांगण्याचा मिल्टनचा निर्णय मला त्या सगळ्यात मोठा वाटतो.

नॅन्सी पुढे संशोधक झाली आणि व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या मच्छीमार वस्त्यांत पोचली. जगात हंटिंग्टनची इतकी दाट वस्ती दुसरीकडे सापडलेली नाही. तिथल्या रस्त्यांवरून झोकांड्या खात जाणाऱ्या माणसांना बाहेरचे लोक दारुडे समजत. 1950च्या दशकात अमेरिको नेग्रेते या तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं की हा आजार आहे. 1979 पासून नॅन्सी आणि तिचे सहकारी दरवर्षी तिथे जात राहिले, वंशावळी मांडत, रक्ताचे आणि कातडीचे नमुने घेत. लोकांना वाटायचं, या परक्यांना आमच्या दुखण्याचं काय पडलंय? तेव्हा तिथल्या पथकातल्या परिचारिकेने नॅन्सीचा हात धरून तिच्या दंडावरचा वण दाखवला: हिचीही कातडी काढलीय, हिच्याही आईला हेच होतं. मग लोक पुढे झाले. त्यांनी दिलेल्या रक्ताच्या बळावर 1983 साली आजाराचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागला आणि 1993 मध्ये जनुक हाती आलं. 2020 मध्ये नॅन्सीने आपल्यालाही हा आजार असल्याचं जाहीर केलं.

माराकाइबोच्या त्या घरांना याचं काय मिळालं? रुग्णांसाठी एक निवारा 1999 मध्ये सुरू झाला, काही वर्षं चालला. पण त्या वस्त्यांत दारिद्र्य होतं तसंच राहिलं, देश कोलमडला, आणि ज्या माणसांच्या रक्तातून चाचणी निघाली त्यांच्या बायका आजही दिवसातून पाच वेळा घास भरवतात, बहुधा पुरेसं अन्न हाताशी नसताना. औषध निघेल तेव्हा ते आधी त्यांच्या दारात पोचायला हवं, असं मला मनापासून वाटतं, आणि हे कुठल्याही करारात लिहिलेलं नाही याचा राग येतो.

जनुक सापडल्यावर साध्या रक्तचाचणीने ‘होणार की नाही’ हे कळू लागलं. तरीही ज्यांना धोका आहे अशांपैकी बहुसंख्य लोक ती करून घेत नाहीत. सुशिक्षित देशांतही नाही. याला भित्रेपणा म्हणू नये. ज्याला थांबवणारा उपाय नाही ते आधी कळून दिवस कसे काढायचे, हा प्रश्न खरा आहे. त्यात चाचणी एकट्याची होत नाही. नातवाच्या अहवालात बिघडलेली प्रत निघाली, की मधल्या बापाचाही निकाल लागतो, त्याने विचारलं नसलं तरी. म्हणून जगभर काही रीती पाळल्या जातात: आधी समुपदेशन, मध्ये विचाराला अवधी, निकालाच्या दिवशी सोबतीला विश्वासाचं माणूस, लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलाची चाचणी करायची नाही, नवरा, सासर, मालक किंवा विमा कंपनी यांच्या दबावाखाली तर मुळीच नाही. बेंगळुरूच्या निमहान्ससारख्या संस्थेत ही चाचणी समुपदेशनासह होते. पण नुसती लॅबची चिठ्ठी घेऊन नमुना देऊन येणारे लोकही आहेत, आणि निकाल त्यांना मोबाइलवर पीडीएफमध्ये मिळतो. हे थांबायला हवं.

आपल्याकडे लपवण्याचं सगळ्यांत मोठं कारण एकच आहे: स्थळ. एकाचं नाव बाहेर गेलं की चुलत, मावस, आते सगळ्या मुलींची लग्नं अडतात, या भीतीने घरं वीस-वीस वर्षं तोंड शिवून बसतात. ही भीती खोटी नाही, म्हणूनच तिच्यावर उपदेशाने उतारा पडत नाही. पण तिची किंमत बघा. ज्या मुलीला अंधारात ठेवून लग्न लावलं, ती पुढे त्या घराची शुश्रूषा करणारी होते, आणि आपल्याला फसवलं गेलं हे मनात घेऊन ती करत राहते. असं घर रात्रंदिवस आतून कडवट होत जातं. सांगून लग्न केलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांचे दिवसही अवघड होते, पण ती एकमेकांच्या बाजूला उभी होती.

लपवण्याने आणखी एक नुकसान होतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे म्हणून जास्त खुपतं. चालणं बिघडलं, हात थरथरले, स्वभाव बदलला की तो हंटिंग्टनच असतो असं नाही. अटॅक्सियाचे, म्हणजे तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडवणाऱ्या विकाराचे, घराण्यात चालणारे अनेक प्रकार आहेत; त्यातला एससीए-12 हा भारतात अग्रवाल समाजात विशेष आढळतो आणि त्याची सुरुवात बहुधा हाताच्या कंपाने होते. विल्सनचा आजारही घराण्यातलाच. शरीरात तांबं साचून पंधरा-वीस वर्षांच्या मुलाची वाचा जड होते, अक्षर बिघडतं, अभ्यास घसरतो. पण विल्सनच्या आजारावर औषध आहे! वेळेवर सुरू केलं आणि आयुष्यभर घेतलं तर मूल चांगलं जगतं, आणि त्याच्या भावंडांना लक्षणांच्या आधीच तपासून वाचवता येतं. ‘आमच्या घराण्यात आहेच असं’ म्हणून दार लावून घेतलेल्या घरात असं एखादं मूल हकनाक वाया जाऊ शकतं. म्हणून निदान नेमकं करून घ्या, नाव कितीही भीतीदायक असलं तरी.

कायद्याचं थोडं सांगायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016चा. त्यातल्या एकवीस प्रकारांच्या यादीत दीर्घकालीन मज्जाविकार म्हणून मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि पार्किन्सनची नावं उदाहरणादाखल आहेत. हंटिंग्टनचं नाव नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या खिडकीवर त्याचा खुलासा घरच्यांनाच करत बसावं लागतं. याच कायद्यात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा व्यक्तींसाठी काळजीवाहकाचा भत्ता देण्याची तरतूद आहे, पण सरकारच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, आजार आनुवंशिक आहे एवढ्या सबबीवर आरोग्य विम्याचा दावा सरसकट नाकारणं हा भेदभाव ठरवला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाच्या काही भागाला स्थगिती दिली. घरांनी विम्याचे कागद लक्षणं दिसायच्या आधीच नीट वाचून ठेवावेत, इतकंच यातून हाती येतं.

आशेबद्दल जपून लिहिलं पाहिजे, कारण या घरांना आशेनेही मार बसलेला आहे. ज्या औषधाकडे जगभरची घरं डोळे लावून होती, त्याची मोठी चाचणी मार्च 2021 मध्ये थांबवावी लागली. सप्टेंबर 2025 मध्ये एका जनुकीय उपचाराची बातमी आली: मेंदूवर कित्येक तासांची शस्त्रक्रिया करून दिलेल्या या उपचाराच्या मोठ्या मात्रेने तीन वर्षांत आजाराची गती सुमारे 75 टक्क्यांनी मंदावली, असं कंपनीने सांगितलं. तीन वर्षं पुरी केलेले ते रुग्ण फक्त बारा होते. बातमी चांगली आहे, पण ती ऐकून कुणी घर विकून परदेशी जायला निघू नये. आज हाती आहेत ती हालचाली कमी करणारी आणि मन सावरणारी औषधं. टेट्राबेनझिनने अंगाचे झटके कमी होतात, पण काहींना त्याने खिन्नता येते आणि आत्महत्येचा विचार बळावतो. घरच्यांना हे पहिल्या दिवशी सांगितलंच पाहिजे.

आणि औषधाइतकीच गरज असते ती हक्काच्या सुट्टीची. ब्युरोची बाई किंवा मामा ठेवणं सगळ्यांना परवडत नाही. परवडलं तरी अंग उडणारा, चिडणारा पेशंट बघून ते चार दिवसांत सोडून जातात. अशा वेळी आठवड्यातून एक दुपार दीर, नणंद, शेजारचं कुणी येऊन बसलं तर ती बाई बँकेत जाऊ शकते, स्वतःची शुगर तपासू शकते, नुसती झोपू शकते. पण येऊन बसणाऱ्याला आजाराचं नाव ठाऊक हवं, ठसका लागला तर काय करायचं हे दाखवलेलं हवं. म्हणजे आधी त्याला सांगायला हवं. मदत आणि बोलणं यांची गाठ अशी पक्की आहे. डॉक्टरांनाही विनंती आहे: पेशंट तपासून झाला की पाच मिनिटं त्याच्याबरोबर आलेल्या बाईला द्या. तिची झोप, तिचं वजन, तिचं मन विचारा. पाठ धरलीय का विचारा. एवढा मोठा माणूस रोज उचलला तर ती धरतेच.

पुढच्या पानांवर बोलणारी माणसं ही अशा घरांतलीच आहेत. कुणाचंही नाव, गाव, आडनाव दिलेलं नाही, आणि वाचकांनी ते शोधू नये. जेवण आणि गिळण्यावरचं प्रकरण मुद्दाम पहिलं घेतलं आहे, कारण ज्याच्या घरात रुग्ण आहे त्याला ते आजच लागणार. त्यामागून पडण्यापासून बचाव, रात्र, चिडचीड आणि संशय, पैशाचे आणि मृत्युपत्राचे कागद रुग्णाची समज शाबूत आहे तोवर कसे करून घ्यावेत, ही प्रकरणं आहेत. मुलांना कधी आणि कसं सांगावं हे प्रकरण सर्वांत मोठं झालं आहे. ते नवरा-बायकोने एकत्र वाचावं, आणि शक्य असेल तर आजीलाही वाचून दाखवावं, कारण बहुतेक घरांत सगळ्यात जुनी माहिती तिच्याकडेच असते.